'पटत नसेल तर घेऊन जा' हे उत्तर नाही

प्रति,
विश्वस्त मंडळ (संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही)

माहितीसाठी : आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती

विषय : प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थेचा कारभार आणि भेटींवर घातलेली बंधनं

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळींचं परिपत्रक टाकलं. यापुढे नातेवाइकांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, अकरा ते एक या वेळेतच यावं. भेट कार्यालयाशेजारच्या हॉलमध्ये होईल. खोल्यांकडे किंवा स्वयंपाकघराकडे कुणी जाऊ नये. फोटो काढू नयेत. कारण काय, तर 'प्रवेशितांच्या दिनक्रमात व्यत्यय येतो'. खाली सही नाही, नुसता शिक्का. काहींनी जोडलेले हात टाकले, काहींनी अंगठा, बाकीचे गप्प बसले. 'हा ठराव कोणत्या बैठकीत झाला?' एवढंच मी विचारलं, तर ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करण्यात आली. तिथे दार बंद झालं म्हणून इथे लिहिते आहे.

नाव का लिहिलं नाही तेही सांगते. नाव फुटलं की देणगीदार हात आखडता घेतात, आणि देणगी आटली की पहिली कात्री प्रवेशितांच्या ताटातल्या भाजीला लागते. ती शिक्षा त्यांना नको. आपण हे पत्र आपल्यालाच आहे हे ओळखालच. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या विश्वस्ताला ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही वाचावं.

माझा थोरला भाऊ आपल्याकडे राहतो. चाळिशी ओलांडलेला माणूस. जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, लहानपणापासून फिट्स. बोलतो मोजकं, पण ज्याला त्याची सवय आहे त्याला सगळं कळतं. वडील गेल्यावर आईने त्याला एकटीने सांभाळलं, आणि तिचे गुडघे उठू देईनात तेव्हा आपल्याकडे आणलं. आता आईही नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसारख्यांसाठीच्या केंद्राच्या कायद्याखाली, जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने मला त्याची पालक नेमलं आहे. म्हणजे मी 'भेटायला येणारी नातेवाईक' नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणं हे मला कायद्याने दिलेलं काम आहे.

आईने त्याला आणलं तेव्हा अधीक्षिका म्हणून मोठ्या बाई होत्या. बाईंचं सगळंच मला पटायचं असं नाही. त्या फटकळ होत्या, पालकांना चारचौघांत झापायच्या. पण संस्थेत कोण कुठल्या कुशीवर झोपतो हे त्यांना ठाऊक असायचं. दादा आल्यावर पहिले काही आठवडे दाराशी बसून राहायचा. बाईंनी त्याला ताटं मांडायला लावलं. बावन्न ताटं. प्रत्येक ताटाच्या डावीकडे पेला, पेल्यात पाणी गळ्यापर्यंत, सांडता कामा नये. कुणी आधी येऊन बसलं तर दादा त्याला हाताने उठवायचा आणि बाई म्हणायच्या, "त्याचं खातं आहे, मी मध्ये पडणार नाही." त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात 'प्रवेशितांना स्वयंपाकघरात मज्जाव' अशी पाटी लागली. गरम भांड्यांनी भाजेल, असं कारण दिलं. ताटं गरम नसतात. आता जेवणाआधीचा तास दादा टीव्हीसमोर असतो. टीव्हीवर काय लागलंय हे त्याला विचारून कुणी लावत नाही.

ही तक्रार आपल्याला किरकोळ वाटेल. मी ती आधी लिहिली, कारण बाकीचं सगळं याच्याच पोटात आहे. निर्णय घेणारा त्या माणसाला ओळखत नाही आणि ओळखणाऱ्याला निर्णय घेता येत नाही.

बाई गेल्यापासून अधीक्षकाचं पद रिकामं आहे. 'प्रभारी' म्हणून चार्ज आधी एका शिक्षिकेकडे होता, मग फिजिओथेरपिस्टकडे, आता कार्यालयातल्या लेखनिकाकडे आहे. लेखनिक माणूस सरळ आहे. त्याने मला स्वतःहून सांगितलं, "ताई, पावत्या विचारा, गोळ्यांतलं मला काही कळत नाही." ज्याला गोळ्यांतलं कळत नाही त्याच्या कपाटात फिट्सच्या, झोपेच्या, मधुमेहाच्या गोळ्या ठेवायच्या आणि त्याच्याच सहीने त्या द्यायच्या, हा निर्णय मात्र त्याचा नाही. तो आपला आहे.

त्याचा परिणाम जुलैत दिसला. दादा रात्री न्हाणीघरात पडला, कपाळाला टाके पडले. मला फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी. किती वाजता पडला, फिट आली होती का, किती वेळ टिकली, कुणी पाहिली, यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही. घटना नोंदवहीत एकच शब्द होता : 'पडला'. फिट्सची गोळी चुकली की फिट येते हे ज्याच्या घरात असा पेशंट आहे तो झोपेतही सांगेल. म्हणून मी औषधांची वही मागितली. ताणाताणी झाली, पण मिळाली. हाताने आखलेले रकाने, एक ते एकतीस, सकाळ आणि संध्याकाळ. जूनच्या पानावर सगळे रकाने भरलेले होते, एकाच निळ्या पेनने, एकाच हाताने. एकतीस जूनलाही सकाळ-संध्याकाळ गोळी दिल्याची सही होती.

मी त्या पानाचा फोटो काढला. फोटोबंदी त्यानंतर आली. याला योगायोग म्हणायचं असेल तर आपण म्हणा.

मावशींबद्दल आणि काकांबद्दल मला एकही वाकडा शब्द लिहायचा नाही. रात्री एका मजल्याला एक काळजीवाहक. त्यातल्याच एका मावशीने दादाला त्या रात्री उचललं, फडकं दाबून धरलं आणि बाकीच्यांना खोलीत परत नेलं, एकटीने. बारा-बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी सांगायला फक्त, आणि पगार असा की भाजीच्या गाडीवर बसलेल्या बाईला जास्त सुटतात. फिट आली की काय करायचं, कुशीवर कसं वळवायचं, तोंडात चमचा का घालायचा नाही, हे त्यांना आपल्याकडे कुणीही शिकवलेलं नाही. काही चुकलं की त्यांना काढलं जातं आणि नवी येते. नवीला दादा म्हणजे कोण हे कळेपर्यंत तीही जाते.

पैशांचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे प्रवेशितांच्या खात्यावर येतात. पासबुकं कार्यालयाच्या कपाटात असतात. चावी कुणाकडे, असं विचारलं तर तिघांनी तीन नावं सांगितली. मी आरोप करत नाही, पासबुकावर नोंदी छापून द्या म्हणते आहे. इथे एक गंमत आहे, कडू आहे पण आहे. दादाची पालक म्हणून मला आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेचा, जमाखर्चाचा हिशेब समितीला द्यावा लागतो. एका माणसाचा, तोही सख्ख्या बहिणीने. आपल्याकडे पन्नासवर माणसं आहेत. आपण धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट पाठवता हे मला माहीत आहे, मी ते पाहिलंय, आकडे जुळतात. पण ऑडिटर जेवणाचं बिल तपासतो. जेवणाऱ्याचं वजन तपासणं त्याच्या कामात येत नाही. दादाचं वजन आठ किलोंनी उतरलंय, आणि वजनाची वही फेब्रुवारीनंतर कोरी आहे.

आता विश्वस्त मंडळाबद्दल. आपल्यापैकी काहींना मी 26 जानेवारीला आणि 3 डिसेंबरला पाहिलंय. जागतिक दिव्यांग दिनाला प्रवेशितांना कागदी टोप्या घालून सकाळी दहापासून मांडवात बसवतात, पाहुणे साडेबाराला येतात, केळी वाटतात, फोटो होतो. ही संस्था काही पालकांनी आणि बाईंनी मिळून उभी केली होती. कुणी दागिने मोडले, कुणी जमीन दिली. त्यातले विश्वस्त एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी त्यांचे मुलगे, जावई, एक बांधकाम व्यावसायिक आले. आज मंडळावर एकही असा माणूस नाही ज्याचं कुणी आत राहतं. विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर गेले का हे आपण जाणा. मागच्या पालकसभेत मी सभेचं इतिवृत्त मागितलं तर एका विश्वस्तांनी हसून सांगितलं, "ताई, आम्ही इथे पगार घेत नाही हो." मान्य. फुकट काम करणाऱ्याचे आभार मानायला आम्ही कधी कमी पडलो नाही. पण पगार न घेण्याने जबाबदारी माफ होते, असं ट्रस्टच्या कायद्यात कुठे लिहिलंय?

आणि मग ते वाक्य. औषधांच्या वहीबद्दल विचारलं तेव्हा ते मी ऐकलं, माझ्याआधी दुसऱ्या एका आजोबांनी मुलीच्या अंगावरच्या वळांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी ऐकलं. "तुम्हाला पटत नसेल तर घरी घेऊन जा."

हे वाक्य फक्त आपल्याकडचं नाही. अशा संस्थांमधल्या कुठल्याही पालकाला विचारा. पंच्याहत्तर वर्षांची आई आपल्या पन्नाशीतल्या मुलाला कुठे नेणार हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणूनच ते बोललं जातं. आमच्यातले निम्मे लोक या एका वाक्यापायी गप्प आहेत. माझ्याहून जास्त पाहिलेले आहेत, पण सही करायला तयार नाहीत.

सरकारचाही यात वाटा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 50 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. अटी मोडल्या तर ते प्रमाणपत्र रद्द करता येतं. आणि रद्द झालं तर तिथल्या माणसांना पालकांकडे सोपवावं किंवा दुसऱ्या संस्थेत हलवावं, अशी तरतूद आहे. ऐकायला ठीक. पण दुसरी संस्था आहे कुठे? बालगृहांचा विचार तरी होतो, अठरा पूर्ण झाली की पुढे अंधार. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलं सांभाळणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते कित्येक वर्षं हेच ओरडून सांगताहेत की बेवारस दिव्यांग मुलाला अठरा झाली म्हणून दाराबाहेर काढता येत नाही, त्यासाठी कायदा करा. प्रौढांसाठी जागाच इतक्या थोड्या आहेत की तक्रार करणाऱ्याला आपल्याच माणसाच्या डोक्यावरचं छप्पर जाईल अशी भीती वाटते. संस्थाचालक ज्या वाक्याने धमकावतात तेच वाक्य सरकार न बोलता बोलतं.

आपण म्हणाल, एका वहीवरून एवढं रामायण. म्हणून मागची थोडी आठवण करून देते. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय दिलं होतं? पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. म्हणजे सांभाळणाऱ्यांची सोय. 2010 मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या संस्थेतल्या मुलांचे कुपोषणाने झालेले मृत्यू उच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या निवासी संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले, आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने संस्था चालवणाऱ्यांनाच दोषी ठरवलं. 2024 च्या जुलैत दिल्लीत रोहिणीच्या 'आशा किरण' या सरकारी निवासगृहात एका महिन्यात डझनभराहून जास्त माणसं दगावली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिथे कोंबलेली होती.

आपली संस्था यांच्या रांगेतली आहे असं मी म्हणत नाही. पण यातली एकही जागा एका रात्रीत तशी झाली नसणार. जिथे बाहेरच्याला आत पाहता येत नाही आणि आतल्याला बाहेर सांगता येत नाही, तिथे हे घडतं. परदेशातही तेच. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांगांना होणारी मारहाण बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. तिथल्या एका ज्येष्ठ परिचारकाने त्याआधीच व्यवस्थापनाला आणि तपासणी यंत्रणेला लेखी कळवलं होतं. कुणी हललं नाही. आज तिथली यंत्रणा काळजी संस्था तपासताना पाच प्रश्न विचारते, आणि त्यातला एक थेट कारभाराबद्दल असतो : ही जागा नीट चालवली जाते का? आपल्याकडे तपासणीला साहेब येतात ते आधी कळवून. मग चादरी बदलतात, दादाला नवा शर्ट मिळतो, आणि साहेब कार्यालयात पोहे खाऊन खोल्यांची संख्या मोजून जातात.

आपल्याही अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. अनुदान उशिरा येतं. काळजीवाहकाच्या कामाला माणूस मिळत नाही. काही पालक नाव घालून गेले ते फीलाही फिरकत नाहीत आणि दिवाळीलाही. पण याच महाराष्ट्रात डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेच्या पालकांनी 'घरकुल' हे निवासगृह उभं केलं. मुळशीत कोळवणला 'साधना व्हिलेज' 1994 पासून प्रौढांसाठी चालू आहे. पैशांची चणचण त्यांनाही असणारच. म्हणून अडचण आहे हे ऐकून घेईन, पण 'असंच असतं' हे ऐकून घेणार नाही.

माझ्या मागण्या अशा.

परिपत्रक लेखी मागे घ्यावं. आठवड्याच्या कोणत्याही दिवशी, दिवसाउजेडी, न कळवता आमच्या माणसाच्या खोलीपर्यंत जाता आलं पाहिजे. दुसऱ्यांच्या खासगीपणाला धक्का लागू नये म्हणून फोटोंचे नियम करायचे तर आमच्याशी बोलून करा, पण नोंदवह्या त्यात आणू नका.

तक्रार केली म्हणून कुणालाही संस्थेतून काढलं जाणार नाही, असा ठराव मंडळाने करून प्रत्येक पालकाला सहीनिशी द्यावा. काढायचंच झालं तर कारण लेखी असेल, किमान तीन महिन्यांची मुदत असेल, पर्यायी जागा ठरलेली असेल आणि स्थानिक स्तर समितीला आधी कळवलेलं असेल. ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते; ती मान्य झाली तर बाकीच्या मागायला माझी गरज उरणार नाही, पालक स्वतः बोलतील.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला, पूर्ण वेळ, संस्थेत राहणारा अधीक्षक नेमावा. तो मिळेपर्यंत आठवड्यातून एक पूर्ण दिवस एका विश्वस्ताने तिथे बसावं, आणि कोणता विश्वस्त कोणत्या वारी, हे फाटकावरच्या फळ्यावर लिहावं. तिथेच जेवावंही, पंगतीत.

औषध देताना दोन माणसांच्या सह्या, त्याच वेळी. महिन्याअखेरीस पानाची प्रत घरच्यांना. फिट, पडणं, दवाखाना, यांची खबर तासाभरात. वजन दर महिन्याला. प्रत्येक मजल्यावर रात्री दोन काळजीवाहक, किमान वेतन आणि फिट्सचं प्रशिक्षण. यासाठी फी वाढवावी लागली तर हिशेब मांडा, आम्ही बसून बोलू.

विश्वस्त मंडळावर किमान दोन पालक किंवा भावंडं असावीत आणि बैठकीत प्रवेशितांपैकी एकाला तरी बसवावं. 'त्यांना काय कळतं' असं कुणी म्हणू नये. आमटी पातळ झाली हे दादाने मला वजनाच्या वहीच्या आधी सांगितलं होतं.

आणि त्याला ताटं मांडू द्यावीत.

आयुक्तांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी विनंती. राज्याने 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. आता प्रौढांच्या प्रत्येक निवासी संस्थेची न कळवता तपासणी व्हावी, पथकात एक पालक आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, प्रवेशितांशी कर्मचारी समोर नसताना बोललं जावं, आणि अहवाल लोकांना वाचता यावा. स्थानिक स्तर समितीची बैठक दर तीन महिन्यांनी तरी व्हावी असं कायद्यात आहे. ती झाल्याची तारीख आणि पुढची तारीख कार्यालयाबाहेर लावावी. नोंदणी रद्द करण्याची वेळ आलीच तर संस्थेला टाळं ठोकून माणसं विखरू नयेत. प्रशासक नेमून तीच जागा चालवावी, त्यासाठी नियमांत काय बदलावं लागेल ते बदलावं.

मंडळाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि उत्तर लेखी, सहीनिशी द्यावं, ग्रुपवर नको. पंधरा दिवसांत ते आलं नाही, तर औषधांच्या वहीतलं पान आणि त्या रात्रीच्या टाक्यांचा कागद जोडून दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आहे. अर्ज लिहून तयार आहे.

आपली नम्र,
एका प्रवेशिताची धाकटी बहीण आणि कायदेशीर पालक